थोरले चिरंजीव

मयुरेश रविवारी आला की आई फ्रीजमधलं सायीचं दही बाहेर काढायची. आठवडाभर ते दही ढुंढिराजला दिसायचं, पण त्याच्या ताटात यायचं नाही. गंगापूर रोडवरून पंचवटीपर्यंत एसी गाडीत बसून आलेल्या धाकट्याला ती म्हणायची, "दमला असशील रे." पहाटेपासून रामकुंडावर पाण्यात उभं राहून आलेल्या थोरल्याला म्हणायची, "पाय पुसून ये, लादी आत्ताच पुसलीय." तेजस्विनीनं एकदा नवऱ्याला विचारलंही होतं, की अहो, दह्यावरून कुणी एवढं मनाला लावून घेतं का? ढुंढिराज म्हणाला, मी कुठं लावून घेतोय? आणि मग संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

पन्नाशीला टेकलेल्या माणसानं धाकट्या भावावर जळावं, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण तो जळत होता, आणि अगदी मन लावून जळत होता. मयुरेशच्या गाडीवर जळायचा, त्याच्या अजून काळ्या असलेल्या केसांवर जळायचा, फोनवर तो साहेबाशी इंग्रजीत हसायचा त्या हसण्यावर जळायचा. हे सगळं एक वेळ त्यानं पोटात घातलं असतं. खरी ठसठस होती ती अण्णांची.

अण्णा म्हणजे वडील, त्र्यंबक गायधनी. शाळेत संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात घाटावर यजमानांची श्राद्धं-पक्ष करायचे. मयुरेशला त्यांनी इंजिनिअर केलं. ढुंढिराजला म्हणाले, "तू थोरला. तू घाट सांभाळ." तेव्हा त्याला तो मान वाटला होता. पुढं मयुरेशचा पगार कळला, आणि हा मान होता की शिक्षा, ते त्याला ठरवता येईना. घाटावर एखादा मंत्र चुकला तर अण्णा चारचौघांत त्याचे कान उपटायचे. मयुरेश आला की मात्र गॅलरीत दोन खुर्च्या टाकायचे आणि दोघांचं हळू आवाजात काहीतरी चालायचं. ढुंढिराज चहा द्यायच्या निमित्तानं गेला की दोघंही गप्प. अण्णांना जाऊन चार वर्षं उलटून गेली होती. अग्नी ढुंढिराजनं दिला होता, दरवर्षी श्राद्ध तोच करत होता, तरी त्या दोन खुर्च्या काही त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

आयुष्यात एकदाच त्यानं मयुरेशवर मात केली होती. कोरोनात रामकुंड बंद झालं, यजमान यायचे थांबले आणि घाटावरची भलीभली घरं हवालदिल झाली. तेव्हा नागपूरचे एक जुने यजमान दर महिन्याला अण्णांकडे पैसे पाठवू लागले. आपल्या उपाध्यायाची आबाळ होऊ नये म्हणून. अण्णा ते पाकीट जसंच्या तसं ढुंढिराजच्या हातात द्यायचे. त्याच सुमारास मयुरेशच्या कंपनीनं पगारात कपात केली, आणि ढुंढिराजनं ही संधी सोडली नाही. "बघ," तो म्हणाला होता, "तुमची कंपनी तुम्हाला सोडते. आमचे यजमान आम्हाला सोडत नाहीत." मयुरेशचं ते पडलेलं तोंड आठवून ढुंढिराजनं पुढं कितीतरी रविवार गोड मानून घेतले.

तर असाच एक रविवार. गणपती उठले होते आणि पितृपक्ष तोंडावर आला होता. जेवताना मयुरेशचा फोन वाजला आणि त्यानं कपाळाला आठ्या घालून तो कापला. पुन्हा वाजला तसा तो उठून गॅलरीत गेला आणि दबक्या आवाजात बोलला. त्या बोलण्यातला "अण्णा" हा शब्द ढुंढिराजनं बरोबर टिपला.

"अण्णांचं काय?" तो परत आल्यावर ढुंढिराजनं विचारलं.

"काही नाही दादा. जुनं काहीतरी आहे त्यांचं. मी बघतोय."

मी बघतोय! अण्णांचं काहीतरी मागं राहिलंय, ते काय आहे हे याला ठाऊक आहे, आणि तो ते बघतोय. मग मी कोण? पिंड पाडण्यापुरता मुलगा?

जेवण झालं. मयुरेश हात धुवायला गेला. फोन सोफ्यावर राहिला होता, आणि तो पुन्हा वाजला. दुसऱ्याचा फोन उचलू नये हे ढुंढिराजला कळत होतं. त्यानं उचलला.

पलीकडून एक तरुण, मधाळ आवाज आला. "त्र्यंबक गायधनींचे चिरंजीव बोलताय का?"

इतकी वर्षं त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. घाटावर सगळे गुरुजी म्हणायचे, सोसायटीत इराचे बाबा म्हणायचे. ढुंढिराज ताठ बसला. "हो," तो म्हणाला. "थोरले."

मग आवाजानं सांगितलं ते असं, की अण्णांनी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं होतं, ते गेले तेव्हा बरंचसं फिटायचं राहिलं होतं, आणि धाकटे चिरंजीव काही दाद देत नाहीत. ढुंढिराजला कर्जाचं नाव लागलं नाही. अण्णांनी कर्ज काढलं ते धाकट्याला सांगून काढलं, हे लागलं. त्यानं तावातावानं स्वतःचा नंबर सांगितला आणि वर बजावलं, "यापुढं वडिलांच्या बाबतीत जे काय असेल ते मला विचारायचं. घरात मोठा मी आहे."

वसुलीवाल्याला असं आमंत्रण कुणी देत नसेल. ढुंढिराजनं दिलं. मयुरेश टॉवेलला हात पुसत आला तेव्हा फोन जागच्या जागी होता, आणि दादा सुपारी कातरत होता.

दुसऱ्याच दिवशी तो माणूस घाटावर हजर झाला. त्याचं नाव धनराज. शर्ट नीट खोचलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीची निळी फीत. फितीच्या टोकाचं ओळखपत्र मात्र शर्टाच्या खिशात गेलेलं होतं. त्यानं आधी वाकून नमस्कार केला. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळा रस्ता उकरून ठेवला होता, त्या धुळीतून वाट काढत तो ढुंढिराजला चहाच्या टपरीवर घेऊन गेला आणि चहाचे पैसेही त्यानंच दिले.

"गुरुजी, खरं सांगू का, तुमच्या भावाला मी आजवर विनवण्या केल्या. ते म्हणतात, कुणाचं कर्ज आणि कुठलं कर्ज. मी म्हटलं, अहो, बाप होता तुमचा."

"असं म्हणाला तो?"

"तोंडावर म्हणाले. आता तुम्ही भेटलात, तर वाटलं, मोठा तो मोठाच."

ढुंढिराजनं चहाचा घोट घेतला. त्या घटकेला त्याला धनराज स्वतःच्या भावापेक्षा जवळचा वाटला, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

धनराजनं आकडा सांगितला. व्याज धरून तीन लाखांच्या वर गेला होता. पण ढुंढिराज थोरले, देवमाणूस, म्हणून कंपनी दीड लाखावर मिटवायला तयार होती. एका कागदावर सही करायची, की वडिलांचं कर्ज मला मान्य आहे आणि मी ते हप्त्यानं फेडीन. तूर्तास विसार म्हणून पाच हजार. "पितृपक्ष चालू होतोय गुरुजी. मी काय तुम्हाला शिकवणार? तुम्ही लोकांना सांगता, वाडवडिलांचं ऋण मुलानं फेडावं."

ढुंढिराज खरंच तसं सांगायचा. रोज, मोठ्यानं, पाण्यात उभं राहून. त्यानं फोन काढला आणि तिथल्या तिथं पाच हजार धनराजनं दाखवलेल्या क्यूआरवर पाठवून दिले. पावती मागायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. अण्णांचं श्राद्ध सर्वपित्रीला असायचं, कारण ते अमावास्येलाच गेले होते. त्या दिवशी आई असेल, मयुरेश असेल, त्याची बायको अपूर्वा असेल. सगळ्यांच्या देखत आपण सही करायची. ज्याला बापानं सगळं दिलं त्यानं हात वर केले आणि ज्याला घाट दिला त्यानं कर्ज फेडलं, हे एकदा आईला तिच्या डोळ्यांनी दिसू दे.

"सही सर्वपित्रीला," तो म्हणाला. "घरी या. दुपारी दोनच्या पुढं."

"मी येतो ना, गुरुजी."

पाच हजार पोचले आणि आवाजातला मध आटला. आता रोज नवनव्या नंबरांवरून फोन यायला लागले. पहाटे तो संध्येला बसला की फोन, दुपारी पाठ टेकली की फोन. एक बाई "थकबाकीदार" म्हणायची, एक पुरुष सरळ अरे-तुरे करायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त तलाठ्यांना फोन गेला, की तुमच्या शेजाऱ्यांना जरा समजावा. तलाठ्यांनी ते जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं समजावलं.

त्यात एक दिवस नांदगावचे यजमान आले होते. पुंजा नावाचा शेतकरी, वडिलांचा पक्ष करायला आलेला. उघडा, ओला, पिंड हातात घेऊन वाकलेला. ढुंढिराज मंत्र सांगत होता, आणि पायरीवर धनराजच्या कंपनीतला दुसराच एक इसम येऊन उभा राहिला. "गुरुजी," तो म्हणाला, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं, "लोकांच्या बापाचं नंतर करा. आधी स्वतःच्या बापाचं फेडा."

आजूबाजूचे मंत्र थांबले. शेजारचे उपाध्याय मान खाली घालून ऐकू लागले. पुंजानं पिंड तसाच धरून वर पाहिलं. "गुरुजी, कोन हाय हा? काय म्हनतोय?"

"काही नाही. तुम्ही नाव घ्या वडिलांचं."

"नाय, पन लय वंगाळ बोलला तो."

ढुंढिराजनं पुढचा मंत्र म्हटला, तो चुकला, पुन्हा म्हटला. त्या अपमानातही पहिला विचार आला तो मयुरेशचा, की हे त्याला कळता कामा नये. त्याला कळलं तर तो येईल, इंग्रजीत दोन वाक्यं बोलेल आणि सगळं निस्तरेल. आई म्हणेल, दमला असशील रे. त्यापेक्षा हे बरं.

तेजस्विनीपासून मात्र लपलं नाही, कारण फोन तिलाही गेला. रात्रीची भांडी तशीच टाकून ती समोर येऊन बसली. "तुमचे मिस्टर कबूल झालेत म्हणे. कशाला कबूल झालात?"

त्यानं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. बँकेत त्यांची एकच ठेव होती, इराच्या फार्मसीच्या फीसाठी. दुसरं काही नव्हतं.

"त्यातून देणार?"

"वडिलांचं ऋण आहे, तेजू."

"ऋण वडिलांचं आहे. फेडायचंय मात्र तुम्हाला भाऊजींच्या नाकावर टिच्चून." ती उठली. "इराची फी त्यात घालवू नका. एवढंच सांगते."

बायकोनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पण धनराजला नको म्हणून कळवणं काही त्याला जमलं नाही. ते चित्र फार दिवस रंगवलं होतं त्यानं.

सर्वपित्रीला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिथलं आटपून ढुंढिराज घरी आला, अण्णांचं श्राद्ध झालं, गच्चीवर कावळ्याचं पान ठेवून झालं. पानं वाढली होती. खीर, वडे, आमसुलाची चटणी. मयुरेश आणि अपूर्वा आले होते. ढुंढिराजनं आज ठेवणीतलं उपरणं काढलं होतं, आणि त्याचं लक्ष सारखं दाराकडं होतं.

बेल वाजली. धनराज आत आला, आणि एवढी माणसं पाहून जरा बिचकला. आईनं त्याला ओळखायचं काही कारण नव्हतं. तिनं चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाली, "श्राद्धाच्या दिवशी दारात आलेला उपाशी जाऊ नये. बसा हो. तेजू, पान वाढ." धनराज नको नको म्हणाला, पण आईपुढं कुणाचं चाललंय? त्याला चक्क पाटावर बसावं लागलं. वसुलीसाठी आलेल्या माणसापुढं खिरीची वाटी आली, आणि खरं सांगायचं तर त्यानं ती दोनदा मागून घेतली.

ढुंढिराजला वाट पाहवेना. जेवणं उरकता उरकताच त्यानं घसा खाकरला. "आई, मयुरेश, मला एक सांगायचंय. अण्णांचं कर्ज राहिलं होतं. तुमच्यातल्या काहींना ते माहीत होतं." इथं त्यानं धाकट्याकडं पाहिलं. "त्यांनी हात झटकले. मी ते फेडणार आहे. आज, अण्णांच्या श्राद्धाला सही करणार आहे. काढा हो कागद."

मयुरेशच्या हातातला वडा ताटात पडला. "मला येणारे फोन बंद झाले तेव्हाच शंका आली होती," तो म्हणाला. "दादा, सही करू नकोस."

"का? तुझ्या अब्रूला धक्का लागतो?"

"ऐकून तरी घे. मी वकिलांना विचारलंय. अण्णांचा शेवटचा हप्ता जाऊन चार वर्षं झाली. असल्या कर्जासाठी कोर्टात जायची मुदत तीन वर्षांची असते. कोरोनाच्या काळाची कोर्टानं दिलेली सूट धरली तरी ती मुदत संपली. शिवाय बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर आपोआप येत नाही. बापाकडून जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतंच ते मागता येतं. आपल्याला काय मिळालं? घर पहिल्यापासून आईच्या नावावर आहे. अण्णांची पेन्शन त्यांच्याबरोबर थांबली, आईला मिळते ती तिची. राहिली पळी-पंचपात्री, ती काय घेऊन जाणार आहेत? म्हणून तर यांना तुझी सही हवीये. एकदा मला मान्य आहे, मी फेडीन, असं लिहून दिलंस की अण्णांचं राहत नाही ते. तुझं होतं. मग तुझ्यावर दावा लावायला हे मोकळे."

"साहेब, कायदा आम्हाला नका शिकवू," धनराज पाटावरून उठत म्हणाला. मिशीला खीर लागली होती.

"मग तुम्ही मला शिकवा. ते खिशातलं ओळखपत्र बाहेर काढा. कंपनीनं या वसुलीसाठी तुम्हाला नेमलंय, ते पत्र दाखवा."

"पत्र ऑफिसला आहे."

"सकाळी आठच्या आधी फोन करायला परवानगी आहे तुम्हाला? शेजाऱ्यांना सांगायची? अण्णांचं खातं, हप्ते, सगळं लेखी द्या म्हणून मी कंपनीला मेल केलाय. महिन्याभरात उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार जाईल. त्यात तुमचंही नाव घालू का?"

हे सगळं मयुरेश शांतपणे, मुद्देसूद बोलला, आणि नेमकं तेच ढुंढिराजला सहन होईना. आजचा दिवस त्याचा होता. सही त्याची होती, बघणारे त्यानं बोलावले होते, आणि पुन्हा एकदा सगळे धाकट्याकडं बघत होते. घाटावर नको होतं तेच घरात घडत होतं.

"वा!" तो ओरडला. "बापाचं फेडायचं नाही म्हणून वकील गाठलास! आणि कर्ज कशाला काढलं होतं रे त्यांनी? मी सांगू? गंगापूर रोडच्या फ्लॅटसाठी! म्हणून तर गॅलरीत बसून कुजबुज चालायची. मला दिसत नव्हतं? मी चहा घेऊन आलो की गप्प बसायचात. दिलं सगळं तुला, आणि फेडायची वेळ आली तेव्हा..."

"दादा, पुरे."

"का पुरे? खरं बोललो म्हणून?"

मयुरेश तोंड उघडणार होता, पण त्यानं आईकडं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागली.

"तुझ्यासाठी काढलं रे," ती म्हणाली.

"कोणी? काय?"

"घाट बंद पडला होता ना तेव्हा. तुझ्या हातात काही नव्हतं आणि तू मागणाऱ्यातला नाहीस. हे म्हणाले, पोरगा आतल्या आत कुढेल. म्हणून काढलं."

"अगं, तेव्हा तर नागपूरचे यजमान..."

"कुठले यजमान घेऊन बसलास! त्या कोरोनात कुणाला कोण आठवत होतं? हेच आणायचे, पाकिटात घालायचे आणि तुला द्यायचे. तू यजमानांना पत्र लिहायला निघालास तेव्हा काय धांदल उडाली होती यांची. म्हणाले, दानाचा उच्चार करू नये. आठवतं?"

आठवत होतं. ढुंढिराजला सगळं आठवत होतं. ती पाकिटं आठवली, कोपऱ्यात अण्णांच्या अक्षरात काढलेलं श्री आठवलं. आपण मयुरेशला काय ऐकवलं होतं तेही आठवलं. आमचे यजमान आम्हाला सोडत नाहीत. त्या वेळी मयुरेशचं तोंड का पडलं, ते आज कळलं.

"तुला माहीत होतं," तो मयुरेशला म्हणाला.

"अर्ज मीच भरून दिला होता. संपर्काला माझाच नंबर घातला. अण्णांनी शपथ घातली होती, दादाला कळता कामा नये." मयुरेशनं ताटाकडं पाहत बोटानं खिरीचा थेंब पुसला. बोलणं तिथंच संपवता आलं असतं, पण त्याचा आवाज चढला. "मला फ्लॅट घ्यायचा होता तेव्हा मी अण्णांकडं गेलो होतो. म्हणाले, कर्ज काढून कुणाला द्यायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. मी म्हटलं, ठीक आहे, तत्त्व आहे. आणि तुझ्यासाठी? तुझ्यासाठी त्यांनी पासष्टी उलटल्यावर त्या कंपनीच्या पोऱ्यासमोर बसून सह्या केल्या. गॅलरीत आम्ही तेच बोलायचो. ढुंढिराजचं कसं होईल. ढुंढिराजला वाईट तर वाटणार नाही. तासन्‌तास तेच. माझं कसं चाललंय, हे त्यांनी एकदा तरी विचारलं असेल का? मला आठवत नाही."

अपूर्वानं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. ढुंढिराज भावाच्या तोंडाकडं पाहत राहिला. ते आवळलेले ओठ, ती नाकपुडी, तो ताटाकडं वळवलेला डोळा. हे तोंड त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. दर रविवारी दही वाढलं गेलं, की त्याचं स्वतःचं तोंड असंच व्हायचं.

एवढी वर्षं ज्याची आस लावली होती ते त्याला मिळालं होतं. अण्णांचा तोच लाडका होता. आणि मिळालं तेव्हा ते समोरच्याच्या ताटातून काढून घेतल्यासारखं वाटलं.

"गुरुजी," धनराज चाचरत म्हणाला, "सहीचं काय करायचं मग?"

ढुंढिराजनं उपरण्यानं तोंड पुसलं. "तुम्ही जेवलात ना पोटभर?"

"हो."

"मग या आता. कागद घेऊन जा. आणि पुन्हा याल तेव्हा ते पत्र घेऊन या."

धनराजनं चपला घातल्या. जाताना त्यानं आईला नमस्कार केला, तो मात्र मनापासून असावा.

तेजस्विनीनं पानं उचलली. दोघं भाऊ गॅलरीत येऊन उभे राहिले. अण्णांच्या खुर्च्या अजून तिथंच होत्या, एकात एक घालून ठेवलेल्या. कुणी त्या मोकळ्या केल्या नाहीत.

"पाच हजार दिलेत मी त्याला," ढुंढिराज म्हणाला.

"ते गेले समज. वकिलांना सांगून ठेवू."

"एवढे दिवस तू नंबर ब्लॉक का नाही केलास? एवढा त्रास होता तर."

मयुरेशनं कठड्यावर हात ठेवले. "केला असता. अपूर्वा रोज सांगायची." मग म्हणाला, "दर वेळी ते आधी एकच विचारायचे, त्र्यंबक गायधनींचे चिरंजीव बोलताय का? अग्नी तू दिलास, श्राद्ध तू करतोस, घाट तुझा. मला अण्णांचा मुलगा म्हणून कोण विचारतं, दादा? ते वसुलीवालेच विचारायचे. मग तेही तू घेतलंस."

एवढ्यात ढुंढिराजच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. नवा नंबर होता. त्यानं उचलला.

"त्र्यंबक गायधनींचे चिरंजीव बोलताय का?" एका बाईचा आवाज.

ढुंढिराजनं फोन कानापासून दूर घेतला आणि मयुरेशपुढं धरला. "घे," तो म्हणाला. "तुझा आहे."

मयुरेशनं एकदा फोनकडं पाहिलं, एकदा भावाकडं. मग फोन कानाला लावला. "हो," तो म्हणाला. "त्यांचाच मुलगा बोलतोय. जे काय असेल ते लेखी पाठवा. आम्ही दोघं आहोत. दोघांच्या नावानं पाठवा."

ढुंढिराज अगदी शेजारी उभा होता. त्यानं भावाचं कोपर धरलं.

"तिला सांग," तो म्हणाला, "तुझं नाव आधी लिहायचं."